आमचे साठ म्हणजे साठ!

बॉक्सिंग क्लबात ट्रॉफ्या जमायला बॉक्सर लागतात, किस्से जमायला मात्र एक वजनकाटा पुरतो! हे मी अनुभवानं सांगतो. लालबागच्या आमच्या क्लबात गेली बावीस वर्षं काटा माझ्या ताब्यात आहे. दिवसा मी रे रोडला लाकडाच्या वखारीत सुपरवायझर, संध्याकाळी क्लबात काटेवाला. माणूस वय खरं सांगेल, पगारसुद्धा खरा सांगेल, पण काट्यावर चढून आकडा बघितला की पहिलं वाक्य हेच, "चप्पल राहिली वाटतं पायात!" चप्पल दाराबाहेर असते.

मॅचआधी जे ऑफिशियल वजन करतात, त्याला आम्ही नुसतं 'वजन' म्हणतो. कोणी "उद्या वजन आहे" म्हणालं की समजायचं, गडी उपाशी आहे, तहानलेला आहे, त्याच्याशी वाद घालायचा नाही. काट्यावर आपल्या वजनगटापेक्षा जास्त भरला तर खेळायलाच देत नाहीत, सरळ घरी पाठवतात.

या विषयावर क्लबात खरा अधिकार वसंतदादांचा. वय शहात्तर, मूळचे मालवणकडचे, साठ किलोत एके काळी राज्याचे चॅम्पियन. उभी नोकरी गिरणीच्या सायझिंग खात्यात. सुताला खळ लावून वाफेवर सुकवतात, ते हे खातं. क्लबाच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता, मोठी चड्डी आणि त्याहून मोठी मिशी. नवा माणूस क्लबात आला की दादा त्याला आधी त्या फोटोखाली उभा करायचे आणि सुरू व्हायचे.

"आमच्या वेळी सकाळी वजन, दुपारी मॅच. काट्यावर चढला तोच गडी रिंगणात उतरायचा. आमचे साठ म्हणजे साठ! भात-आमटी, सुकट खाऊन साठ! वजनासाठी घोटभर पाणी कधी सोडलं नाही!"

हे मी किमान हजार वेळा ऐकलंय. मध्ये बोलायची सोय नाही.

*

दादांना पहिला धक्का दिला संदीपनं. संदीप आमचाच, वरळीच्या बीडीडी चाळीतला. पुढे प्रो झाला, म्हणजे पैसे घेऊन खेळणारा. प्रोमध्ये वजन आदल्या दिवशी होतं. म्हणजे आठवडाभर खाणं-पाणी तोडून सुकायचं, काट्यावर साठ दाखवायचे आणि मग चोवीस तास खात-पीत सुटायचं!

एका शनिवारी तो साठ किलोचा बेल्ट जिंकला आणि रविवारी गळ्यात हार घालून क्लबात आला. आम्ही टाळ्या वाजवतोय, दादा काट्याकडे बघतायत. टाळ्या थांबल्यावर मला म्हणाले, "काटा पुढे सरकव रे."

संदीप हसत हसत चढला. सहासष्ट किलो सातशे!

दादा म्हणाले, "बेल्टावर काय लिवलंय? साठ. मग हे वरचे पावणेसात कोण? तुझो धाकटो भाव?"

"दादा, हार आहे ना गळ्यात!"

दादांनी स्वतःच्या हातानं हार काढला. आकडा झाला सहासष्ट किलो दोनशे. हार कोपऱ्यातल्या खिळ्याला लटकवून दादा घरी गेले.

*

संदीपच्या आईला, म्हणजे आमच्या मावशींना, हा सगळा प्रकार पहिल्यापासूनच मान्य नव्हता. एका वर्षी वजन नेमकं चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी आलं. चाळीत सकाळपासून स्पीकर लागलेले, घराघरात खीर-पुरी, आणि हा दाराला कडी लावून आत बसलेला, जिभेवर बर्फाचा खडा ठेवून! मावशी माझ्यावरच उखडल्या. "आजच्या दिवशी माझं पोरगं उपाशी? मॅच आहे का सजा आहे? तुमचा काटा मी समुद्रात टाकीन!"

वजनाला त्या डबा घेऊन हजर. संदीप काट्यावरून उतरला तसा पहिला चमचा तोंडात. तेवढ्यात त्यांचं लक्ष बाजूच्या गड्याकडे गेलं. हाच उद्या संदीपशी खेळणार होता. साताऱ्याकडचा पोरगा, गाल आत गेलेले, डोळे डब्यावर.

"तू पण ये रे बाळा. किती वाळलायस! तुझी आई नाही आली?"

तो लाजत लाजत आला आणि तीन वाट्या खीर खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं संदीपला असा धुतला म्हणता! सहाच्या सहा राउंड! निकाल लागला तसा तो रिंगमधून उतरला आणि सगळ्यात आधी मावशींच्या पाया पडला. मावशींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "छान खेळलास हो!"

संदीप सुजलेल्या डोळ्यानं म्हणाला, "आई, मी तुझा मुलगा!"

"तुला रोजच घालते," मावशी म्हणाल्या. "काय उपयोग?"

*

यंदा क्लबाला टॉवरमध्ये नवीन खोली मिळाली. चकाचक टाइल्स, पण खिडक्याच खिडक्या, भिंत एकच. कमिटीनं ठरवलं की समोर एकच मोठी फ्रेम लावायची, क्लबाचा आजवरचा सगळ्यात भारी बॉक्सर. झालं! दादा की संदीप? दोघंही साठ किलोवाले. दादा वरून दाखवत नव्हते, पण त्यांचा जीव त्या फ्रेममध्ये अडकला होता. गिरणी गेली, चाळ गेली, आता या क्लबात तरी नाव राहावं, असं ते माझ्याजवळ एकदा सरळ बोलले होते.

निवाडा करायला बसले पेंडसे सर. गिरगावात गणिताचे मास्तर होते, हातात आयुष्यात ग्लोव्ह घातला नाही, पण पॉइंट मोजायला एक नंबर. क्लबाखालच्या हॉटेलात चहा मागवून त्यांनी पेन काढलं.

"समजा संदीप दादांच्या काळात गेला. सकाळी वजन, दुपारी मॅच. सुकून आला तर दुपारी रिंगमध्ये चक्कर येऊन पडेल. म्हणजे त्याला भरल्या पोटानं, सहासष्टनंच खेळायला लागेल. दादा साठचे. भेट नाही."

दादा खूश! "मी काय सांगत होतंय?"

"थांबा. आता दादा आजच्या काळात आले. आज सगळेच सुकतात, म्हणजे दादांनाही सुकायला लागणार. साठचे दादा चोपन्नवर येणार. संदीप साठमध्ये. तेव्हाही भेट नाही." सरांनी पेनाचं टोपण लावलं. "सॉरी. तुमची मॅच कुठल्याच काळात होत नाही!"

पाच वर्षं एकमेकांच्या उरावर बसलेली ही दोन माणसं, आणि त्यांची मॅचच नाही!

आधी दादा उसळले. "नाही म्हणजे? तुम्ही कोण ठरवणार, सर?"

"हो ना!" संदीपही तापला. "आम्ही आमचं बघून घेऊ!"

दोघं मिळून सरांवर असे तुटून पडले की सर अर्धा चहा टाकून निघाले. पाच वर्षांत दादा आणि संदीप एका बाजूला, ही पहिली वेळ. ठरलं मात्र काहीच नाही. शेवटी रविवारच्या मीटिंगमध्ये हात वर करून निकाल लावायचं ठरलं.

*

आता सोनाली. वय तिशीला टेकलेलं, हिंदमाताला साड्यांच्या दुकानात सेल्सगर्ल, एक्कावन्न किलोत खेळते. स्वभावानं गोड, पण वजन जवळ आलं की तिच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. परवा एक गिऱ्हाईक बाई आरशासमोर पदर धरून विचारत होत्या, "अगं, या रंगात मी जाड दिसते का?"

सोनालीनं सकाळपासून अर्धी काकडी खाल्ली होती. ती म्हणाली, "काकू, रंगाला कशाला दोष देता? आधी सांगा, तुम्हाला कितीमध्ये खेळायचंय?"

तेव्हापासून मालकानं तिला फॉल-पिकोच्या काउंटरला बसवलंय.

*

मीटिंगच्या आदल्या दिवशी, शनिवारी, परळच्या एका हॉलमध्ये सोनालीचं राज्याच्या टीमसाठी वजन होतं. सकाळी सात ते आठ वजन, दुपारी मॅच. वय बघता तिचा हा शेवटचाच चान्स, हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही. बरोबर मी, संदीप आणि दादा.

काट्यावर चढली. एक्कावन्न किलो तीनशे. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. पन्नास मिनिटांत पुन्हा चढायची परवानगी, नाहीतर बाद!

संदीपनं तिला हॉलभोवती पळवलं. वीस मिनिटं पळून आली, फक्त ऐंशी ग्रॅम गेले. घामच फुटेना. पोरगी पायरीवर बसून रडायला लागली. संदीप डोकं धरून म्हणाला, "सॉनाची गरम खोली असती तर काढलं असतं. इथं काय करू?"

दादा इतका वेळ कोपऱ्यात काठी धरून बसले होते. सोनालीकडे बघायचे, घड्याळाकडे बघायचे. मग एकदम उठले.

"रडू नको गो. ते पाणी फुकट जाता, काट्यावर त्याचा काय वजन येवचा नाय. संदीप, तुझा जाकीट काढ. तिका घाल, वरून रेनकोट. तू रे काटेवाल्या, चिंच आण. बी काढलेली."

हॉलमागे कॅन्टीन होतं. इडलीची मोठी भांडी वाफ सोडत होती. दादांनी आचाऱ्याला बाजूला केलं आणि सोनालीला त्या वाफेत स्टुलावर बसवलं. "चिंच चघळ. गिळू नको, ह्या पेल्यात थुंक. बोलू नको, तोंड सुकता. आता उठ, वीस उड्या. बस. घाम अंगावर ठेवू नको, काटा तो पण मोजता. संदीप, टॉवेल! दर दोन मिनिटांनी पुसायचा. केस आधी, केसांत लपता तो. चक्कर आली तर हात वर कर, तिथंच थांबवू."

एकदाही अडले नाहीत. आता हे, मग ते, जसं काही रोजचंच काम. संदीप पुसत होता, मी पेला धरून उभा. आचारी इडल्या सोडून बघत बसला.

सात सत्तावन्नला ती पुन्हा चढली. आकडा जरा हलला आणि थांबला. एक्कावन्न. वर एक ग्रॅम नाही!

सोनालीनं दादांना मिठीच मारली. दुपारपर्यंत पेज आणि ग्लुकोज घेऊन ती सावरली. मॅच जिंकली, टीममध्ये गेली. पण त्याआधी, वजन झाल्या झाल्या, कॅन्टीनमध्ये संदीप पेल्याकडे बघत, पेल्यावरून दादांकडे बघत नुसता उभा होता.

"दादा," त्यानं हळूच विचारलं, "हे सगळं तुम्ही कुठं शिकलात?"

दादा काठी शोधत होते. काठी त्यांच्याच हातात होती.

"सायझिंग खात्यात," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

रविवारी मीटिंग भरली. दादा सगळ्यात मागे बसले, मान खाली. जुन्या खोलीत फोटोखालची खुर्ची सोडायचे नाहीत. पेंडसे सरांनी विचारलं, "कुणाला बोलायचंय?" आणि संदीप उभा राहिला. दादांनी डोळे मिटून घेतले.

"दादांचाच फोटो लावा," संदीप म्हणाला. "आम्ही सुकून साठ. दादांचे साठ म्हणजे साठ. वजनासाठी त्यांनी घोटभर पाणी कधी सोडलं नाही. हवं तर मी लिहून देतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दादांना असा ठसका लागला की थांबेचना. डोळ्यांत पाणी, चेहरा लालबुंद. संदीप माणसांमधून वाट काढत मागे गेला, माठातून पाणी घेतलं आणि तांब्या त्यांच्या हातात दिला.

"प्या दादा, पोटभर प्या. आज वजन नाहीये."