एयनारचे कान

बोडिल टोफ्टगोरच्या वेबसाइटवर जाहिरात नाही की वर्गणी नाही. युरोपभरचे हौशी रेडिओवाले सकाळी कॉफीच्या आधी ती उघडतात. कुठला बीकन आज कुठे ऐकू आला, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. बीकन म्हणजे कुणीतरी आपल्या माळावर उभारलेला छोटासा ट्रान्समीटर. मोर्सच्या टिकटिकीत तो सारखा आपलं नाव सांगत राहतो. तो लांबवर ऐकू आला, की आज हवेतली वाट मोकळी आहे असं समजायचं.

शाळेतल्या नोकरीतून मोकळी झाल्यावर बोडिलने हे काम अंगावर घेतलं. मनातल्या मनात ती त्याला सेवाच म्हणते. रविवारी चर्चला निघण्याआधीसुद्धा नोंदी चढवून जाते.

तिला मोर्स शिकवला तो एयनार क्रोने. तरुणपणी तो थिबोरन या त्यांच्याच गावच्या बंदरात रेडिओवर बसायचा. वादळात सापडलेल्या होड्यांची हाक त्याने ऐकली म्हणून माणसं घरी आली, असं गावात अजून सांगतात. बायको गेल्यापासून रोज सकाळी हेडफोन लावायचे आणि काय ऐकलं ते बोडिलला कळवायचं, यावरच त्याचा दिवस उभा होता.

हिवाळा सरता सरता स्वीडनहून टोर्स्टेनचा फोन आला. वेर्मलांडच्या जंगलात त्याचा बीकन होता.

"बाई, माझ्या बीकनचा मनोरा वादळात आडवा झालाय, तेही शरदातल्या. बर्फ वितळेपर्यंत मी काही तो उभा करत नाही. मग तुमच्या पानावर तो बंद बीकन रोज कोण ऐकतंय? ते कान मला उसने द्या, बायको काय बोलते ते तरी कळेल."

बोडिल हसली. फोन ठेवून तिने पान उघडलं आणि तिचं हसू गेलं. सगळा हिवाळा त्या बीकनपुढे एकच नाव होतं, एयनारचं. मधे स्कॉटलंडच्या एकाने आपल्याला हा बीकन मिळत नाही अशी तक्रार केली होती. 'थिबोरनचे कान चुकत नाहीत, तुमचा अँटेना तपासा,' असं तिने त्याला सुनावलं होतं. बिचाऱ्याने थंडीत छपरावर चढून केबल बदलली होती.

नोंदी गुपचूप काढून टाकता आल्या असत्या. पण एयनार पान रोज वाचायचा. आणि सांगावं, तर त्या माणसापाशी उरतं काय? तिने प्रार्थनेत वाट मागितली नाही, नुसते शब्द मागितले.

सफरचंदाचा केक घेऊन ती त्याच्याकडे गेली.

"आज बरी आठवण झाली माझी," तो म्हणाला. "की करपला म्हणून इकडे आणलास?"

मग नेहमीप्रमाणे तो रेडिओपुढे बसला. हेडफोन चढवून त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याचं बोट टेबलावर वाजू लागलं. टोर्स्टेनच्या बीकनचीच चाल होती ती, एकही ठोका न चुकता. बोडिलने हात पुढे केला आणि आवाजाचं बटण हळूहळू पार बंद केलं.

बोट वाजतच राहिलं.

काही वेळाने एयनारने डोळे उघडले. बटणावरचा तिचा हात त्याला दिसला. त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"टोर्स्टेनचा कधीपासून बंद आहे?"

"शरदातल्या वादळापासून."

"मी खोटं नाही लिहिलं, पोरी."

"माहीत आहे मला, एयनार."

"मग ते जास्तच वाईट."

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. बाहेर काही पाहण्यासारखं नव्हतं.

"त्या होड्या तरी खऱ्या होत्या ना गं?"

"माणसं घरी आली होती की."

त्याने मान हलवली, पण ते त्याला पटलं की नाही, हे तिला कळलं नाही. सगळं पुसून टाक, असं त्यानेच सांगितलं. केक तसाच राहिला.

घरी येऊन तिने त्या नोंदी पुसल्या आणि चूक आपली असल्याचं पानावर लिहिलं. स्कॉटलंडच्या माणसाचीही माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पान उघडून बसली. आता काही येणार नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. नेहमीच्या वेळी एयनारचा निरोप आला.

'टोर्स्टेनचा आजही ऐकू येतोय. नोंदवू नकोस. जर्मनीचाही येतोय. तो खरा आहे का, तू एकदा ऐकून सांग.'

बोडिलने हेडफोन लावून जर्मनीचा बीकन शोधला. नुसती खरखर होती. ती डोळे मिटून ऐकत बसली.