गळांचा पट्टा

आमच्या शेजारचे मुखरूभाऊ ढिवर साठीला आले, पण पाय एका जागी ठरत नाहीत. जाळं विणायला बसले तरी चार गाठी मारून उठतात, नदीकडे बघून येतात. दिवस कलला की बादशाला घेऊन कड्यावर निघतात. बादशा म्हणजे त्यांचा कुत्रा. पुरात जाळ्यात मासा सोडून पिल्लू आलं, ते हेच. प्रेमिलाबाई नवऱ्याला अजून ऐकवतात, त्या दिवशी एखादी मरळ आली असती तर भाजी तरी झाली असती.

आमच्या गावाशी वैनगंगेचा काठ ताडाएवढा उभा आहे. वर पायवाट. एका बाजूला झुडपी जंगल, दुसऱ्या बाजूला सरळ खाली पाणी. यंदा तिथे बिबट फिरू लागला आणि गावातली कुत्री एकेक करून गेली. वनखात्याची माणसं सांगून गेली, कुत्री घरात घ्या. प्रेमिलाबाईंनी कुरकुरत घेतला घरात, पण बादशाचं पोट कड्यावर, तेही सांजेलाच, मोकळं होणार. दिवसा नेलं तर नुसता बसून राहतो. नावाप्रमाणे वागणं. दारापाशी तो घिरट्या घालत कण्हायचा आणि त्याच्यामागे मुखरूभाऊ. कोणाला लागली होती, सांगणं कठीण.

मेंढपाळ कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट मान धरतो. मुखरूभाऊंनी खिळ्यांऐवजी पट्ट्याला बाहेरून मरळीचे मोठाले गळ शिवले. मी विचारलं, भाऊ, बिबट लागला तर ओढणार कोण? ते हसले नाहीत.

पट्टा घालून निघाले त्या सांजेला अंधारून आलं तरी दोघं परतले नाहीत. प्रेमिलाबाई अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून अंगणात करत होत्या. मग माझ्या दारात आल्या. आम्ही टॉर्च आणि विळा घेऊन निघालो.

कड्याच्या अगदी तोंडाशी काटेरी बोराटी आहे. बादशा तिच्यात गळांनी अडकला होता आणि सोडवायला गेलेल्या मुखरूभाऊंची बाही त्याच गळांत. ढिवराचा गळ तो, आत गेला की मागे येत नाही. जरा हिसका बसला की पायाखालची माती सुटून पाण्यात पडे. पलीकडे झुडपात काहीतरी चालत होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं.

मी म्हटलं, "भाऊ, सदरा काढून सुटा न तुम्ही."

"अन् ह्याले सोडू?" त्यांनी एका हाताने बादशाचं तोंड दाबून धरलं होतं. "मी सुटलो तं हा उडी मारते. इकडं पाणी, तिकडं तो."

अंधार पडल्यावर त्याचं नाव आमच्याकडे कोणी घेत नाही.

प्रेमिलाबाईंनी टॉर्च माझ्या हातात दिला, पोटावर आडव्या झाल्या आणि विळा बादशाच्या गळ्याखाली घातला.

"हालला तं तुही चटणी वाटीन," त्या त्याला म्हणाल्या. मुखरूभाऊंनीही श्वास धरला.

पट्टा तुटला. बादशा सरळ प्रेमिलाबाईंच्या कुशीत शिरला आणि त्यांनी त्याला खाली ठेवलंच नाही. पट्टा राहिला बोराटीवर, सोबत भाऊंची अर्धी बाही. पहिल्या घरापर्यंत झुडपातला आवाज आमच्या बाजूबाजूनेच आला. रानडुक्कर असेल, असं मी तिथवर मोठ्याने म्हणत होते.

आता सांजेला आम्ही तिघं निघतो. पुढे प्रेमिलाबाई डबा वाजवत, मध्ये मुखरूभाऊ आणि दोरीला बादशा. मागे बघत चालायचं काम माझं. काल झुडूप हललं तेव्हा मी प्रेमिलाबाईंच्याही पुढे होते. कधी गेले, मलाच कळलं नाही.