नाल्यातला झिरा

अमरावतीला माहेरी आमच्या आडाचं पाणी गोड होतं, त्यामुळे पाण्याला चव असते हेच मला ठाऊक नव्हतं. लग्न होऊन अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या गावात आले, पहिल्या दिवशी चूळ भरली आणि थुंकून टाकली. त्या भागात जिथं खणावं तिथं खारं पाणी. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. पिण्याजोगं गोडं पाणी पाराजवळच्या एकाच विहिरीला होतं. वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची ही गोष्ट. सासरे गावचे पाटील, आणि घरातली धाकटी सून म्हणून पाणी भरण्याचं काम माझं.

विहिरीशी रोज एक बाई माझी वाट पाहत असायची. महारवाड्यातली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, कडेवर दीड वर्षाची मुलगी. तिला विहिरीच्या ओट्यावर चढायला बंदी होती. ती खाली दगडावर दोन हंडे ठेवून उभी राहायची. मी आमचं भरून झालं की वरून, भांड्याला भांडं लागू न देता, तिच्या हंड्यांत पाणी ओतायची. अर्धं बाहेरच सांडायचं. म्हणून ती हंड्याखाली परात ठेवायची आणि सांडलेलं घरी न्यायची.

आम्ही बोलायचो. एकदा माझ्याकडे निरखून पाहत ती म्हणाली, "बाई, तुमाले दिवस गेले वाटते."

घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मी लाजले. "तुले कसं समजलं?"

"पोहरा वढतानी तुमचा हात कमरेवर जाते. माहा बी तसाच जाते." ती हसली. तिला सातवा महिना होता.

त्या वैशाखात विहीर फार खोल गेली. पारावर बसून माणसांनी ठरवलं, की गावाचं भरून झाल्याशिवाय महारवाड्याच्या वस्तीला पाणी ओतायचं नाही. गावाचं भरून व्हायला दुपार टळायची, आणि वस्तीतल्या बायांना तर सकाळीच शेतात धसकटं वेचायला जायचं असे. आमच्याच शेतात. त्याच दिवसांत सासूबाईंना माझ्या पोटाचं कळलं.

"पोटुशी बाई वढणं-काढणं करते अन् वरून त्यायचे हंडे भरते. उद्यापासून गडी आनन पानी," त्या म्हणाल्या.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? हाताचे घट्टे दुखत होते. ती बाई आता कुठून पाणी भरेल, हा विचार माझ्या मनात आला आणि गेला.

ती नाल्याच्या वाळूत खड्डा उकरून काढलेल्या झिऱ्यातून भरत होती. सगळी वस्तीच भरत होती. वरच्या अंगाला गुरं बसायची, धुणीही तिथंच.

दहा-बारा दिवसांनी वस्तीत कॉलऱ्याची मरी लागल्याची बातमी आली. आमच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले, पाणी उकळून गाळलं जाऊ लागलं, वस्तीतल्या माणसांचं घरी येणं बंद झालं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मागच्या दाराशी हाक ऐकली.

"बाई, पोरीले हगवन लागली. गोड पानी असन त द्या तांब्याभर."

ती कुंपणापलीकडे उभी होती, एका हातात हंडा, दुसऱ्या हातानं पोट धरून. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.  तरी मी घागर उचलली, कुंपणाशी गेले आणि तिच्या हंड्यात रिकामी केली. त्या दिवशी परात नव्हती. सांडलेलं पाणी मातीत गेलं, त्याकडे ती पाहत राहिली.

"तू झिऱ्याचं पिऊ नको," मी म्हटलं.

"मंग काय पिऊ, बाई?" तिनं विचारलं आणि ती गेली.

सासूबाईंनी घागर राखेनं घासायला लावली. "पोटातल्या जिवाची तरी काळजी कर," एवढंच म्हणाल्या. त्या रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून बैलांच्या दमणीतून डॉक्टर आले. आमच्याच बैठकीत बसले. आमच्या विहिरीत त्यांनी लाल दवा टाकली होती. मी दाराआड चहा घेऊन उभी असताना त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "आणखी कुठलं पाणी पितात?"

"गावात एकच विहीर आहे साहेब."

सासरे खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लेखी वस्ती गावात नव्हती.  मी दाराआडूनच म्हणाले, "नाल्यात झिरा आहे. वस्ती तिथलं पिते."

 डॉक्टर उठले आणि नाल्याकडे गेले. परत आल्यावर म्हणाले, "त्या झिऱ्यात दवा टाकून उपयोग नाही, वरून घाण येतच राहणार. तो बुजवा. विहिरीचं पाणी द्या त्यांना." सासरे "देऊ" म्हणाले.

टोचणी मात्र आधी गावात झाली. ओळीनं सगळ्यांना टोचलं, मलाही टोचलं. गावात कुणीच आजारी नव्हतं. दवा संपली, उरलेल्यांसाठी उद्या मागवतो म्हणून डॉक्टर गेले. वस्तीत टोचणी झाली ती तिसऱ्या दिवशी. तोवर तिची मुलगी गेली होती, आणि मागोमाग ती, पोटातल्या लेकरासकट.

आमच्या घरात कुणाला काही झालं नाही. सासऱ्यांनी दिलेला शब्द पाळला, पण मरी ओसरेपर्यंतच. पाऊस पडून नाला वाहू लागल्यावर पारावरचा जुना नियम परत आला. मी बाळंतपणाला अमरावतीला गेले. मला मुलगी झाली, धडधाकट. तिला पाजताना पुष्कळदा मला रडू यायचं, आणि आई म्हणायची, "पहिलं आहे, होते असं."

सहा महिन्यांनी सासरी परतले आणि मीच हट्टानं पुन्हा पाण्याला जायला लागले. आता हंडे घेऊन त्या गेलेल्या बाईची सासू यायची. मी आधी तिचे हंडे भरायची, मग आमचे. बायका कुजबुजत, सासूबाईंपर्यंत तक्रारी गेल्या. त्यांनी मला अडवलं नाही.  एकदा मी नातीचा विषय काढला, तर म्हातारी म्हणाली, "हंडा भरला बाई," आणि निघून गेली.

पुढे काही वर्षांनी वस्तीसाठी सरकारी खर्चानं वेगळी विहीर खोदली. साहेब आले, नारळ फुटला. तिला खारं पाणी लागलं.