मीडियम फॉरमॅट घ्यावा का? खडकीतली एक सकाळ

शेवटी ठरलं: रविवारी खडकीला जायचं, तो जुना मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे रुंद रोलचा, फिल्म कॅमेरा हाताळून बघायचा आणि विषय कायमचा मिटवायचा. माझा नवरा निखिल म्हणाला, "डिजिटल आहे ना तुझ्याकडे? पूर्वी लोक रोल धूत होते ते नाइलाजाने, हौस म्हणून नाही." मुद्दा बिनतोड होता. म्हणून त्यालाही सोबत घेतलं.

वारज्याहून सकाळी लवकर निघालात तर बाइकवर रस्ता सुखाचा आहे. आठवडाभर हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये पेंगणाऱ्यांना हे पर्यटनच वाटेल. स्टेशनजवळ पोहे आणि चहा घेतला. पोहे बरे, चहा त्याहून बरा.

विकणारे काका कारखान्यातून निवृत्त झालेले, ओळखीतून सापडलेले. दारात "जय भीम" झालं आणि चहाआधी कॅमेराच पुढ्यात आला. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. तिथे डावं उजवीकडे दिसतं, उजवं डावीकडे. एका रोलवर बारा चौकोनी फोटो, बस्स. घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा: रोल मागवावा लागतो, धुऊन देणारे शहरात मोजकेच उरलेत आणि किंमत ऐकून मी पगाराची तारीख आठवली.

काकांनी रोल भरून दिला. "घाई नको. फिरून या, मग सांगा."

पहिला फोटो काकूंचा. त्या मेथी निवडत होत्या. माझी मान खाली घातलेली बघून त्यांना वाटलं, मी अजून कॅमेऱ्याशी झटापट करतेय. त्यामुळे त्यांनी चेहरा सावरलाच नाही. मग गल्लीत काय काय टिपत पुढे गेलो. एका भिंतीपाशी ऊन छान होतं, तिथे निखिलला उभं केलं.

"जरा डावीकडे सरक."

"तुझ्या की माझ्या?"

"काचेतल्या."

"त्या गावाला मी गेलेलो नाही."

मागच्या पाटीसकट चौकट जमली आणि मी बटण दाबलं. तेवढ्यात शेजारच्या लष्करी आवाराच्या फाटकातून एक जवान आला.

"मॅडम, पाटी वाचली न्हाई का?"

आता मान वर करून वाचली: फोटो काढण्यास सक्त मनाई.

"काचेत उलटी दिसत होती हो."

"बरं, डिलीट करा."

"यात डिलीट होत नाही."

"मग दाखवा."

"दिसतही नाही."

"मग हाय कशाला ह्यो?"

"हेच मी घरून निघाल्यापासून विचारतोय," निखिल म्हणाला.

रोल काढावाच लागला. भर उन्हात मागचं झाकण उघडलं आणि कागदात गुंडाळलेली फिल्म ओढून बाहेर काढली; ऊन लागताच सगळे फोटो गेले. डिजिटलवरचे शेकडो फोटो मी बसमध्ये बसून, जांभया देत उडवले आहेत. इथे मात्र वाईट वाटलं, अगदी साधं, लहान मुलासारखं वाईट. जवानही जरा ओशाळला. "ड्युटी हाय, मॅडम," म्हणाला.

काकांकडे परतलो आणि मी कॅमेरा घेतला.

संध्याकाळी घरी निखिल म्हणाला, "एकही फोटो न मिळता कॅमेरा घेणारी तू पहिलीच."

"मिळाले की," म्हटलं आणि सांगत सुटले. काकूंच्या कपाळावरची बट, खिडकीत वाळणारा शाळेचा गणवेश, सायकलच्या सीटवर झोपलेलं मांजर. सगळे ओळीने. तो मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होता.

"आणि शेवटचा?" त्याने विचारलं. "मी कसा आलो होतो?"

"वैतागलेला," म्हटलं. "फार छान आला होतास रे."