भिरूड आणि सालपट

माझा मेला स्वभावच संशयी. भिरूड म्हणजे झाडाचं खोड पोखरणारा, लांब मिशांचा भुंगेरा. चार वर्षं मी त्यांच्यातल्या जाती वेगळ्या करत होते. लोणावळ्याच्या भाड्याच्या खोलीत भिंगाखाली मिशा न् ठिपके तपासायचे आणि प्रत्येकाचा एक पाय डीएनएसाठी पाठवायचा. माझी पीएचडी त्यावरच उभी राहणार होती, नाहीतर बोंबलणार होती.

भिंगाखाली आंदर मावळातले सगळे भिरूड एकसारखे. डीएनएचा निकाल आला, तर त्यांचे सरळ दोन गट! डोकंच फिरलं. प्रयोगशाळेत घोळ झाला म्हणावं, तर दुसऱ्यांदाही तेच. मग उरले आबा.

आबा तिथले शेतकरी. मला किडे तेच पकडून द्यायचे. त्यांचा मुलगा खंडाळ्याच्या बंगल्यांवर माळी. तिथं कुठून कुठून लाकडं येतात. आबांनी तिथलेच किडे घुसडले, माझी खात्रीच पटली. शिवाय बाटल्यांत काहीबाही कचराही असायचा. बाटली भरलेली दिसावी म्हणून, दुसरं काय!

एसटी चुकली, तंगडतोड करत गेले. आबा गोठ्यात शेण काढत होते. मी बसलेसुद्धा नाही. "आबा, खरं सांगा, हे किडे कुठले?"

"हितलेच की. अर्धे बांधावरच्या आंब्याचे, अर्धे वढ्याकडच्या उंबराचे. मला लिवता येत न्हाई, म्हून परतेक बाटलीत त्या त्या झाडाचं सालपट घातलं व्हतं. दिसलं न्हाई व्हय?"

दिसलं होतं. दर वेळी चिमट्यानं काढून मीच कचऱ्यात टाकलं होतं. दोन झाडं, दोन गट! पण आता कुठला किडा कुठल्या झाडाचा, हे सांगणार कशावरून? वर्ष वाया गेलं, आणि मी आबांना चोर ठरवून बसले होते. इतकी लाज वाटली! सगळं सांगून टाकलं.

आबांनी हात धुतले आणि बायकोला चहा टाकायला सांगितला.

यंदा पहिल्यापासून सुरुवात केली आहे. आबा बाटली एकदम हातात देत नाहीत. आधी सालपट माझ्या तळहातावर ठेवतात, कुठल्या झाडाचं ते माझ्याकडून वदवून घेतात, मगच बाटली. तरी पायवाटेला लागले की मागून हाक येतेच, "ताई, टाकलं न्हाई न्हवं?"

मी वळते आणि मूठ उघडून दाखवते.