शिडाची माया

माझ्या आईने एका होडीला कपडे शिवले होते. असं सांगितलं की लोक हसतात, पण दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगायचं ते मला आजही सुचत नाही. आईचं शिवणकाम म्हणजे ब्लाउज, परकर आणि शाळेचे फ्रॉक. होडीसाठी काही शिवावं लागतं हेच तिला माहीत नव्हतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. बोरिवलीला आम्ही बैठ्या चाळीत राहायचो. बाबा कोकणातले, गिरणीत साच्यावर कापड विणायचे. संप झाला, गिरणी परत उघडलीच नाही आणि बाबा घरी बसले. म्हणजे खरोखरच बसले, दाराबाहेरच्या ओट्यावर. विचारलं तर उत्तर द्यायचे, आपणहून बोलायचे नाहीत. घर आईच्या पायमशीनवर चालत होतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि त्यामुळेच ते बाबांना जास्त लागत असावं.

मग त्यांना होडी मिळाली. गिरणीतला त्यांचा जोडीदार खाडीलगतच्या गावठाणातला, ख्रिश्चन. संपानंतर तो पुन्हा मासेमारीकडे वळला होता. त्याने मोठ्या होडीला इंजिन बसवलं, तेव्हा अंगणातली जुनी, छोटी, शिडाची होडी बाबांना देऊन टाकली. "घे रे, सडतेय नुसती. तुला हौस आहे ना?"

दुसऱ्या दिवसापासून बाबा चहा घेऊन जे गावठाणात जायचे ते जेवायलाच परत यायचे. लाकूड घासणं, फटींत कापूस ठोकणं, तेल लावणं. जेवताना बोलायलाही लागले. लहानपणी ते आजोबांच्या होडीत बसायचे, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. एकदा शीड लावून खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. आई ऐकायची आणि आमटी वाढायची.

आईचं माहेर साताऱ्याकडचं. पाण्याशी तिचं फारसं जमत नव्हतं. "आमच्याकडं पाणी हिरीत असतंय, जागच्या जागी," असं ती म्हणायची. नव्या नवरीला पहिल्यांदा सासरी नेलं तेव्हा एक खाडी तरीच्या होडीतून ओलांडावी लागली होती. तेव्हा ती डोळे घट्ट मिटून बसली आणि काठावर उतरल्यावरही किती तरी वेळ तिने ते उघडले नाहीत, हे बाबा आल्यागेल्याला सांगायचे. ते सांगणं तिला अजिबात आवडायचं नाही.

पण बाबांनी होडीसाठी कव्हर मागितलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली. मला आश्चर्य वाटलं. बाबांनी गोवंडीच्या भंगारवाल्याकडून ट्रकची जुनी ताडपत्री आणली. ती चाळीसमोर पसरून आम्ही ब्रशने घासली. "माप?" आईने विचारलं. बाबा सुतळीला गाठी मारून माप घेऊन आले. आईने एकेक गाठ मोजपट्टीवर धरली आणि मला म्हणाली, "छाती बरीच हाय गं हिची. कंबर मात्र बारीक."

ताडपत्रीवर सुया पटापट मोडल्या. मग तिने जाड सुई लावली, दोऱ्याला मेणबत्ती चोळली, आणि मशीनचं चाक हाताने फिरवत एकेक टाका घातला. दोरी ओवायला पितळी रिंगा मारतात, हे जोडीदाराने सांगून पाठवलं होतं. आईला रिंगांवर भरवसा नव्हता. तिने कडेने हातानेच काजं केली, कोटाला करतात तशी, आणि वर निळी पायपिंगही लावली. ट्रायलसाठी ती स्वतः गावठाणात आली. चिंचेखाली विटांवर ठेवलेल्या होडीभोवती दोन फेऱ्या मारून तिने टोकाशी कव्हरची एक चिमूट घेतली आणि टाचणी लावली. जोडीदार म्हणाला, "वहिनी, झकास. आता हिला लग्नाला न्यायला हरकत नाही."

कव्हर आठवड्याभरात झालं. शिडाचं मात्र काही केल्या होईना. जाड मांजरपाट घरात येऊन पडला होता, बाबांनी जमिनीवर खडूने आकारही काढून दिला होता, पण आईला कधी लग्नसराईचे ब्लाउज असायचे तर कधी पाठदुखी. मला चौकशा फार, म्हणून मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. कव्हर घातलेली होडी अंगणात राहते. शीड लावलेली होडी पाण्यात जाते. एवढं उमगल्यावर मी आईला विचारलंच, "तुला ती जायलाच नकोय ना?"

"दोरा दे इकडं," आई म्हणाली.

शेवटी होळीच्या सुमारास तिने शीड शिवायला घेतलं. का घेतलं ते विचारायचं धाडस मला झालं नाही, पण बाबा पुन्हा ओट्यावर बसायला लागले होते, ते मी पाहत होते. कापडाच्या लांब पट्ट्या जोडताना तिने आत चांगली दोन बोटं माया सोडली. शिवणीच्या आत कापड जास्तीचं ठेवतात, त्याला माया म्हणतात. ब्लाउज घट्ट झाला की उसवून ती माया सोडवता येते. बाबांनी ते पाहिलं आणि हसत म्हणाले, "शिडाक माया कित्याक गो? शीड काय बाळंत होतला?"

"असू द्या की," आई म्हणाली. "लागती."

मी तिला विचारलं, त्याला माया का म्हणतात. "म्हणत्यात," ती म्हणाली. माझ्या अशा प्रश्नांना तिच्याकडे अशीच उत्तरं असायची.

शीड घेऊन बाबा गेले. त्या दिवशी आई मशीनवर बसली नाही, उगाच डबे घासत राहिली. दुपार कलताना बाबा परतले तेव्हा ते खांद्यापर्यंत ओले होते आणि शीड बोळा करून काखेत धरलं होतं. निम्म्या खाडीत वाऱ्याचा एक जोर आला आणि मधली शिवण वरपासून खालपर्यंत फाटत गेली. जोडीदार बरोबर होता, त्याने वल्हवत परत आणलं.

आईने शीड जमिनीवर पसरलं, फाटलेली कड उलटी केली आणि तिथेच थांबली. टाके जागेवर होते. टाक्यांपलीकडचं कापड मात्र उरलंच नव्हतं, त्यामुळे ताण येताच कडेचं सूत टाक्यांतून निसटत गेलं होतं. न फाटलेल्या शिवणींच्या आतही तसंच, काही उरलं नव्हतं.

"माया कुणी कापली?" तिने विचारलं.

बाबांनीच कापली होती. साच्यावर उभं राहून त्यांना एकच शिकवण मिळाली होती: कापडावर लोंबतं सूत दिसलं की कात्री चालवायची, नाहीतर माल नापास. त्यांनी जन्मभर कापड विणलं, पण शिवलं कधीच नव्हतं. शिडाच्या मागून लोंबणाऱ्या पट्ट्या त्यांना खपल्या नाहीत. चिंचेखाली बसून त्यांनी शीड साफ केलं होतं, अगदी टाक्याला लागून. बायकोच्या कामाला जरा सफाई आणावी, एवढाच त्यांचा हेतू.

आता आईच्या हातात सगळं होतं. 'बास झाली होडी' असं ती म्हणाली असती तर कुणी ब्रही काढला नसता. कव्हर घालून होडी चिंचेखाली राहिली असती आणि बाबा ओट्यावर. मला आईचा राग येणार होता, त्याची तयारीही मी करून ठेवली होती.  दोन दिवस बाबा ओट्यावर बसून हाताच्या बोटांकडे बघत होते. मला ते बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कॉलेजमधून आले तर आई खाली बसून शीड उसवत होती. जिथे फाटलं होतं तिथे नवी पट्टी कापून ठेवली होती. या वेळी तिने माया चार बोटं सोडली, दुमडून तिच्यावर दुहेरी टीप मारली आणि कात्री स्वतःच्या उशीखाली ठेवून झोपली.

जायच्या दिवशी बाबा जोडीदाराला घेऊन शीड उचलायला आले, तर आई नऊवारीचा कासोटा घट्ट करून तयार. कमरेच्या बटव्यात सुई, मेणाचा दोरा आणि पट्टीचे तुकडे.

"तू खंय?" बाबा म्हणाले.

"घरी बसून कळत न्हाई. ताण कुठं येतुया ते बघाया पायजे. आन् मदीच उसवलं तर तितं शिवणार कोण?"

बाबांनी जोडीदाराकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता.

होडीत तिघांचीच जागा होती, म्हणून मी काठावर तिवराच्या झुडपांच्या कडेला उभी राहिले. जोडीदाराने हात दिला, आईने तो घेतला नाही, बाबांचा घेतला. ती मध्ये बसली. होडी हलली तशी तिने फळी घट्ट धरली, पण डोळे मिटले नाहीत. मान वर करून ती शिवणीकडे बघत राहिली. शीड फुगलं, होडी एका बाजूला कलली, आणि माझ्याच तोंडून 'आई गं' निघालं. पाण्यावरून तिचा आवाज आला, "जरा ढील द्या. तिसऱ्या शिवणीवर वढ बसतीया." बाबांनी दोरी सैल केली. होडी सरळ झाली आणि खाडीच्या तोंडाकडे निघाली. निळ्या पायपिंगचं उरलेलं कापड बाबांनी डोलकाठीच्या टोकाला बांधलं होतं, तेवढं बराच वेळ दिसत राहिलं.

तिघं परत आली तेव्हा बाबांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. ते एकसारखे बोलत होते, वाऱ्याबद्दल, आजोबांबद्दल. आई चिखलातून वर आली, पदर पिळला आणि बटव्यातली सुई तपासली. दोरा होता तेवढाच होता.

"कसं वाटलं?" मी विचारलं. "भीती वाटली?"

"टाकं टिकलं," आई म्हणाली. मग पाय धुताधुता, आमच्या दोघांकडे न बघता म्हणाली, "पन एका दिसात शिवणीचं कळत न्हाई. उद्या परत बघाया लागंल."