मी पाहून आलेलं घर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. चुलतभावाच्या मोठ्या मुलीच्या लग्नाआधी मुलाच्या घराची चौकशी मी केली होती, आणि जे पाहिलं ते सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी कॅनडात होतो. मुलगाही त्याच शहरात. अकोल्याहून दादाचा, म्हणजे त्या चुलतभावाचा, फोन आला, "तू पाहून ये. तू सांगशीन ते फायनल." आमच्यात असंच चालतं. घरच्या माणसानं पाहिलं म्हटल्यावर मुलामुलीनं एकमेकांना त्याविषयी विचारायचं नाही. अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

मुलगा तळघरात राहत होता. जमिनीलगत एकच आडवी खिडकी, तिच्यावर बाहेरून बर्फ साचलेला. दिवसा गोदामात काम, संध्याकाळी दुसरीकडे. माणूस सरळ. चहाचा कप हातात देत म्हणाला, "काका, आहे ते असं आहे. घरी असंच सांगा."

मी सांगितलं, "घर छान आहे. पोरगा सेटल आहे."

कारण मीही तसल्याच तळघरात होतो, आणि अमरावतीत सगळ्यांना घर घेतलं म्हणून सांगून बसलो होतो. त्याचं सांगितलं असतं, तर दादाचा पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता.

पोरीनं अकोल्यातली शाळेची कायम नोकरी सोडली आणि गेली.

पुढं मी आईचं निमित्त सांगून परत आलो. आता अमरावतीत कुणीही विचारतं, तिकडं बरं का इकडं? माझं उत्तर पाठ आहे. तिकडं नळाला चोवीस तास पाणी, रांगेत कुणी घुसत नाही, साहेबापुढं वाकावं लागत नाही. इकडं आपली माणसं. सगळं खरं आहे, म्हणून त्याच्याआड लपता येतं. तिकडं मी चार दिवस तापानं पडलो होतो, तेव्हा घरमालकानं दार वाजवलं ते कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला नाही म्हणून, हे मी सांगत नाही.

मागच्या महिन्यात मोठी माहेरी आली. मी अकोल्याला गेलो. त्या दिवशी पाचव्या दिवसाचा नळ आलेला, घरभर ड्रम भरणं सुरू. दादा पाईप धरून उभा.

"पाह्य बाप्पा, आमचं हे असं हाय. धाकटीलेही तिकडचंच स्थळ आलं. ही मोठी तं काही बोलूनच नाही राह्यली. तूच चौकशी कर, तुह्या ओळखी हायेत तिथं. मोठीचं तूच पाह्यलं होतं, सोनं झालं पोरीचं!"

मोठीनं उचललेली बादली खाली ठेवली. "काका, चला, गच्चीवरची टाकी पाहू."

वर गेल्यावर ती म्हणाली, "गेल्या गेल्याच ह्यांनी विचारलं, काकांनी सांगितलं नव्हतं का? मी म्हटलं, सांगितलं होतं."

"मग तुझ्या बाबाले काहून नाही सांगितलं?"

"बाबानं तुमचं तोंड पाह्यलं नसतं. अन् मले वाटे, तुमी सांगसान. नऊ वर्षं झाली, काका." आवाज चढला नव्हता. "आता आमी वरच्या मजल्यावर राहतो. वाईट नाही चाललं. माहीत असतं तरी कदाचित गेली असती मी. पण शाळा सोडायची का नाही, हे मी ठरवलं असतं न. धाकटीलेही नोकरी हाय."

खालून दादा ओरडला, "भरली का वं टाकी?"

"भरली!"

खाली आलो. दादा म्हणाला, "मंग? धाकटीच्या स्थळाचं काय म्हणतं तू?"

मोठी माझ्याकडं पाहत होती. धाकटी दारातच उभी होती. खरं काय ते सांगणारं एकच वाक्य बोलायचं होतं.

"चौकशी करून सांगतो," मी म्हणालो, आणि अमरावतीची बस धरली.

त्यानंतर दादाचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. धाकटीनं अजून राजीनामा दिलेला नाही, एवढं कळलंय. मोठीच्या वेळी मी खोटं बोललो, हे मला दादाला सांगायचं आहे, आणि ते धाकटीसमोर सांगायचं आहे. मोठीची माफी मागायची आहे. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.